मच्याडो सरांची रोजरी

मच्याडो सर गेल्याला महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, आम्ही पंधरा-वीस जण गिरीजला त्यांच्या घरच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांची मुलगी जेनेट माझ्याकडे वळून म्हणाली, ‘साळवी अंकल, कामावर पप्पांच्या सगळ्यात जवळचे तुम्हीच. दोन शब्द बोला ना.’

मी उभा राहिलो आणि बोललो. सरांची शिस्त, शिकवण्याची हातोटी, वालीवच्या कारखान्यातली आमची अकरा वर्षं. लोक माना डोलवत होते. एका बाईने पदर डोळ्यांना लावला. एक गोष्ट सोडून मी सगळं सांगितलं, आणि ती एक सोडल्यावर उरलेलं सगळं खोटं ठरतं, हे मला बोलतानाच कळत होतं. जेनेटने निघताना माझ्या हातात सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं दिलं. ‘पप्पा तुम्हाला दरवर्षी द्यायचे ना,’ म्हणाली. ते पुडकं मी अजून सोडलेलं नाही.

म्हणून आता लिहितो. मला बोलणं जमत नाही. मला वेळेवर बोलणं कधीच जमलेलं नाही.

सरांचं पूर्ण नाव पास्कल मच्याडो. ‘नाव पास्कल आणि पोट भरतो सी प्लस प्लसवर,’ असं ते स्वतःच सांगायचे. पास्कल ही आमच्या धंद्यातली, प्रोग्रॅम लिहायची एक जुनी, आता अडगळीत पडलेली भाषा. नव्या माणसाला हा विनोद कळला की सर त्याला चहा पाजत. नाही कळला तर आधी समजावून सांगत आणि मग चहा पाजत.

आमचा कारखाना हायड्रॉलिक प्रेसचे कंट्रोल पॅनल बनवायचा. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र: वरून लोखंडी ठोकळा खाली येतो, दाबतो, वर जातो. कधी खाली यायचं, किती दाबायचं, कधी वर जायचं हे सांगणारा प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. आम्ही म्हणजे मच्याडो सर आणि मी. बाकी सगळे तारा जोडणारे आणि पेट्या रंगवणारे.

सर बुटके, मनगटाने जाड, चष्म्याला काळी दोरी. पहाटे वाडीत केळीच्या कामाला हात लावून मग स्कूटरवर वालीवला यायचे. त्यांच्या प्रत्येक शर्टावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असत. तो डाग मरेपर्यंत जात नाही. शेठ एकदा म्हणाले, ‘मच्याडो, कस्टमर आनेवाला है, साफ शर्ट पहनो ना.’ सर म्हणाले, ‘शेठ, साफच आहे. डाग जुना आहे.’

मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा अंधेरीतली एक नोकरी करून आलो होतो आणि आपल्याला पुष्कळ येतं अशा समजुतीत होतो. सरांनी विचारलं, ‘मेंबर फंक्शनचा पॉइंटर वापरलायस कधी?’

‘हो सर,’ मी म्हणालो. वापरला नव्हता. हे त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

त्यांनी एक चिठ्ठी घेतली, तिच्यावर ‘नारळ पाडणे’ असं लिहिलं आणि ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. ‘चल. पाड.’

मी बघत राहिलो.

‘काय झालं? काम लिहिलंय ना स्वच्छ?’

‘सर, पण पाडायचा कोणी?’

‘हां! आता बोललास.’ त्यांनी चिठ्ठी उचलून हवेत हलवली. ‘साधा फंक्शन पॉइंटर म्हणजे नळ. सोडला की पाणी आलं. मेंबर फंक्शनचा पॉइंटर तसा नाही. ही नुसती कामाची चिठ्ठी आहे. ही माडावर चढत नाही. हिला माणूस जोडावा लागतो. आणि तोही कोणीही नाही, ज्याला माड चढता येतो असाच. चिठ्ठी एक, माणूस एक, दोघं भेटले की नारळ खाली. एकटी चिठ्ठी म्हणजे कागद.’

मग त्यांनी तो माणूस आणि ती चिठ्ठी जोडायची खूण लिहून दाखवली. एक टिंब आणि एक तारा. भोवती कंस. ते कंस मी पुढे वर्षभर विसरत होतो आणि सर प्रत्येक वेळी पाठीत थाप मारून ओरडत होते, ‘कंस, बाबा, कंस! माणूस आणि काम एका घरात घाल आधी, मग हाक मार.’

मी खोटं बोललो होतो हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं असणार. ते कधी बोलले नाहीत.

‘कोणतं काम ते कळलं. कोणाचं?’ हे त्यांचं पालुपद. प्रोग्रॅम तपासताना म्हणायचे, भांडण मिटवताना म्हणायचे. वायरिंगवाल्यांपैकी कोणी सांगत आला की ‘सर, फ्यूज उडवला गेला,’ की सर चष्म्यावरून बघत: ‘उडवणं कळलं. कोणी?’ आणि त्या माणसाने आपलं नाव सांगितलं की विषय संपला. शिक्षा नाही, रागावणं नाही. ‘जा, नवा घाल.’ त्यांना नाव हवं असायचं, बाकी काही नाही.

आमच्या प्रोग्रॅमच्या मध्यभागी एक तक्ता असायचा. प्रेसच्या प्रत्येक कामाची चिठ्ठी, एकाखाली एक. शून्य नंबरला तपास, एकला खाली, दोनला दाब, तीनला वर. दुसरीकडे नंबरांची वेगळी यादी असायची. यंत्र आपलं नंबर म्हणायचं: तीन. आणि तक्त्यात तीन नंबरच्या जागी जी चिठ्ठी असेल ते काम व्हायचं. यंत्राला नावं कळत नाहीत. यादी आणि तक्ता एकमेकांशी जुळलेच पाहिजेत, आणि ते जुळतात की नाही हे कॉम्प्युटर सांगत नाही. तो सगळ्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या बघतो आणि गप्प बसतो.

यासाठी सरांनी एक रीत घातली होती. प्रोग्रॅममध्ये टिंबाएवढा बदल झाला तरी यादी आणि तक्ता कागदावर छापायचा. कागद डॉट मॅट्रिक्सचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. स्क्रीनवर वाचलेलं सर वाचन मानत नसत. दोघांनी शेजारी बसायचं. एकाने यादीतला नंबर मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवून त्या जागेवरचं नाव म्हणायचं, आणि पहिल्याने ते आपल्या यादीशी ताडायचं. नावं प्रोग्रॅममध्ये इंग्रजीत असली तरी आम्ही म्हणायचो मराठीत. ‘शून्य.’ ‘तपास.’ ‘एक.’ ‘खाली.’ मग कागद बदलून पुन्हा एकदा. वायरिंगवाल्या मंडळींनी हे ऐकून त्याचं नाव रोजरी पाडलं. सरांच्या घरी संध्याकाळी रोजरी व्हायची, त्यात एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली. सरांना नाव आवडलं. पुढे तेच विचारू लागले, ‘रोजरी झाली का?’ झाली असेल तरच ते रजिस्टरमध्ये सही करत, आणि सही असेल तरच पॅनल गेटबाहेर जाई.

एकदा तर टेम्पो भरून उभा, शेठ घड्याळ बघतायत, आणि सर मला घेऊन आत वाचत बसलेले. शेठ दारात येऊन ओरडले, ‘मच्याडो, ये मंदिर नहीं है, फॅक्टरी है!’

‘चर्चपण नाय, शेठ,’ सर मान वर न करता म्हणाले. ‘प्रेस आहे. लोक हात घालतात त्यात.’

शेठ गेल्यावर मी म्हणालो, ‘सर, मी लिहिताना दोनदा बघतो. माझी चूक नसते.’

‘असणारच,’ ते म्हणाले. ‘लिहिणारा चुकणारच. तो वाईट म्हणून नाही, त्याला आपण काय लिहिलंय ते आधीच माहीत असतं म्हणून. वाचणारा कशासाठी असतो मग?’

हे वाक्य पुढे माझ्या कामी आलं. ज्या पद्धतीने आलं ते आता सांगतो.

आमच्या अकराव्या वर्षी सरांची बायको, सेलिनबाई, आजारी होत्या. तीन आठवडे हॉस्पिटलात. सर रात्रभर तिथे असत आणि सकाळी तसेच वालीवला येत. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. एकदा स्कूटरची किल्ली जेवणाच्या डब्यात ठेवली आणि तासभर शोधत बसले. सापडल्यावर स्वतःच हसले. ‘साळवी, आता माझीच रोजरी करायला पाहिजे कोणीतरी.’

गोखिवऱ्याच्या एका कारखान्याला प्रेस जायचा होता. त्यांना एक काम वाढवून हवं होतं: दाबून झालं की वर जायच्या आधी हवेची फुंकर, म्हणजे साच्यातला कचरा उडेल. बदल मी केला. यादीत ‘फुंकर’ घातली योग्य जागी, दाबाच्या पुढे, तीन नंबरला. ‘वर’ झालं चार. तक्त्यात मात्र नवीन चिठ्ठी सवयीने शेवटी चिकटवली. म्हणजे तिथे तीनला ‘वर’च राहिलं आणि चारला ‘फुंकर’.

चालवून बघितलं तर प्रेस छान चालला. खाली आला, दाबलं, वर गेला, फुंकर मारली. आधी फुंकर आणि मग वर असं व्हायला हवं होतं, उलट झालं. पण दोन्ही कामं झाली आणि फट्‌कन झाली, माझ्या काही लक्षात आलं नाही. रोजरीत पाचच ओळी होत्या. एक मिनिट लागलं असतं, दोनदा वाचायला दोन.

शुक्रवार होता. सर हॉस्पिटलातून दोन तासांसाठी आले होते. त्या दिवशी चार वाजता मला बिल्डरच्या ऑफिसात माझ्या फ्लॅटची चावी मिळणार होती. आईला घेऊन जायचं होतं, बायको पेढे घेऊन थांबलेली. साडेतीन झाले होते. सर रजिस्टर उघडून बसले, पेनाचं टोपण काढलं.

‘रोजरी झाली का रे?’

मी उभा होतो, खांद्याला बॅग होती. सर एकदा वाचायला बसले की उठत नाहीत, नंतर वायरिंगचाही कागद मागतील, मग पाच वाजतील, हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं.

‘झाली ना सर,’ मी म्हणालो. ‘परवा, जेवणानंतर. तुम्ही नंबर वाचलेत, मी नावं.’

नुसतं ‘झाली’ म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, कोणाबरोबर? म्हणून मी त्यांनाच त्यात बसवलं. इतकी हुशारी मला कुठून सुचली मला माहीत नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं. कपाळावर आठी आली, ते परवाचा दिवस शोधत होते. ‘परवा... परवा सेलिनचं सलाईन...’ मग डोळे चोळले. ‘हो का. बरं बरं. हल्ली काही राहत नाही बघ डोक्यात.’ आणि त्यांनी सही केली. पास्कल मच्याडो, पूर्ण नाव, नेहमीसारखं.

त्याच फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहितो आहे.

पुढे तीन आठवड्यांनी गोखिवऱ्याहून फोन आला. कल्पनाताई म्हणून एक बाई त्या प्रेसवर होत्या, तिथल्याच गावातल्या, भातशेती गेल्यावर कारखान्यात लागलेल्या. पत्रा वाकडा बसला म्हणून त्यांनी जाळीचं दार उघडून तो सरळ करायला हात घातला. दार उघडलं की ठोकळा लगेच वर जायला हवा, आमचा प्रोग्रॅम तसाच लिहिलेला होता. यंत्र थांबवायचं लाल बटण होतं. तिथपर्यंत दुसरा हात पोचेपर्यंत व्हायचं ते झालं. उजव्या हाताची दोन बोटं.

शेठ, सर आणि मी हॉस्पिटलात गेलो. कल्पनाताई कॉटवर बसून होत्या, हात पांढऱ्या गाठोड्यासारखा बांधलेला. रडत नव्हत्या. सर त्यांच्या कॉटजवळ वाकले आणि हळू आवाजात विचारलं, ‘बाय, दार उघडल्यावर काय झालं? वर गेला नाही का तो?’

‘वर नाय गेला, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘खालीच येत राहिला. नुसता वारा सुटला.’

त्या खोलीत चौघे होतो. या वाक्याचा अर्थ दोघांनाच कळला. यंत्राने चार म्हटलं होतं, आणि चारच्या जागेवर फुंकर होती. सरांनी कॉटची दांडी धरली. मी जमिनीकडे बघत होतो, म्हणून त्यांचा चेहरा मी पाहिलेला नाही. त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या, वाडीतला चिखल लागलेल्या.

दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये रजिस्टर उघडं होतं. ‘किसने चेक किया?’ शेठ म्हणाले.

‘सही माझी आहे,’ सर म्हणाले.

‘लिखा किसने?’

‘लिहिलं साळवीने. पण लिहिणारा चुकणारच, शेठ. वाचणारा मी होतो. पाच ओळी होत्या. माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला दिसलं नाही.’

मग ते माझ्याकडे वळले. नजरेत आरोप असता तर कदाचित मी बोललो असतो. पण ते मदत मागत होते. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, ‘मी नंबर वाचले ना रे? तू नावं?’

‘हो सर,’ मी म्हणालो.

कोणतं काम ते कळलं होतं. कोणाचं, ते विचारणारा माणूस समोर बसून स्वतःचंच नाव घेत होता, आणि मी ते घेऊ दिलं.

सरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. शेठनी अडवलं नाही, पण निरोपाला उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. सरांनी टेबलावरची लाकडी फूटपट्टी माझ्या हातात दिली. छापील ओळीखाली धरून वाचायचे ती. ‘ठेव. तुझी नजर चांगली आहे,’ म्हणाले. मला त्यांची खुर्ची मिळाली. आता आमच्याकडे रोजरीला डबल रीडिंग म्हणतात. तिचा छापील फॉर्म आहे, तो मीच तयार केला. बाहेरचे लोक येऊन त्याची तारीफ करतात.

नोकरी गेल्याचं सरांना काही वाटलं नसावं. त्यांच्याकडे वाडी होती. गेलं ते दुसरंच. आयुष्यभर ते स्वतःच्या डोळ्यांवर आणि स्वतःच्या सहीवर उभे होते, आणि ते दोन्ही खोटं निघालं असं त्यांना वाटलं. हे मला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. आधी त्यांनी स्कूटर सोडली. ‘समोरचं दिसेलच याची खात्री नाही,’ म्हणायचे. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, नजर उत्तम आहे. सर म्हणाले, ‘तेच तर.’

सेलिनबाई घरी आल्यावर त्यांना दिवसातून सहा औषधं द्यायची होती. सर एकट्याने देईनात. दर वेळी शेजारच्या बाईंना हाक मारत आणि बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावत. स्वतः कागदावर बोट ठेवून उत्तर देत. शेजारीण घरी नसली की औषध हातात धरून फाटकापर्यंत जाऊन येत. अशा एका दुपारी औषधाला दीड तास उशीर झाला. त्याने काही बिघडलं नाही, डॉक्टर म्हणाले. पण त्या दिवसापासून जेनेट विरारचं घर बंद करून माहेरी येऊन राहिली. सेलिनबाई पावसाळ्यानंतर गेल्या. शवपेटीजवळ सर मला म्हणाले, ‘तिला मी कधी चुकीचं काही दिलं तर नसेल ना रे? मला नक्की सांगता येत नाही बघ.’

मी त्यांचा हात धरला. लोकांना वाटलं, किती माया आहे.

वर्षातून दोनदा, नाताळला आणि ईस्टरला, ते रिक्षा करून गोखिवऱ्याला कल्पनाताईंकडे जायचे. आधी घरची सुकेळी न्यायचे, पुढे वाडी होईना तेव्हा वसईच्या बाजारातून घेऊन. मी गोखिवरे नाक्यावरून जाणं तेव्हापासून टाळतो. लांबचा रस्ता घेतो, वालीवला पोचायला मला वीस मिनिटं जास्त लागतात. कोणी विचारलं तर सांगतो, नाक्यावर ट्रॅफिक असतो.

इथपर्यंत लिहून झाल्यावर गेल्या रविवारी पहिल्यांदा कल्पनाताईंच्या दारात गेलो. त्या आता घरीच पापड लाटून देतात, तीन बोटांच्या हाताने. मी त्यांना सगळं सांगितलं, वाचून न दाखवता, तोंडाने. मध्ये दोनदा थांबलो. त्या लाटणं हातात धरून ऐकत होत्या. मला वाटलं होतं शिव्या देतील. माझी तयारी होती. खरं म्हणजे मला त्या हव्याच होत्या.

त्यांनी लाटणं पोळपाटावर ठेवलं. मग म्हणाल्या, ‘म्हंजे ते साहेब उगाच रडायचे?’

मी मान हलवली.

‘हितं बसायचे. ह्याच जागी. माझा हात हातात घेऊन माफी मागायचे. मी सांगायची, साहेब, तुमी काय मुद्दाम केलं? तर आनखीच रडायचे.’ त्यांनी पोळपाट बाजूला सारला. ‘मला कशाला सांगता आता? माझी बोटं काय येनार हायत? त्यांना सांगायचं व्हतं.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘कोनी अडवलं व्हतं?’

त्यांनी पाणी विचारलं नाही. मी उठलो तेव्हा त्या पुन्हा पापड लाटायला लागल्या होत्या.

कोणी अडवलं नव्हतं. ते जायच्या आधी चार महिने मी गिरीजला गेलो होतो, सांगायचं असं ठरवूनच. सकाळी दहाची वेळ. जेनेट आत स्वयंपाकघरात होती. वाडीतल्या केळी वाळून काड्या झालेल्या, विहिरीचा पंप बंद. सर ओट्यावर लाकडी खुर्चीत बसले होते, अंगाने अर्धे झालेले, शर्टावर तेच जुने डाग. मांडीवर कागद होता. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्यांवर फाटून चिकटपट्ट्या लावलेला. मी लांबूनच ओळखला: गोखिवऱ्याच्या प्रेसची यादी आणि तक्ता, अपघातानंतर छापून घेतलेले.

‘ये साळवी,’ ते म्हणाले. आवाज तसाच होता, खणखणीत. ‘बरा आलास. दुसरा माणूस पाहिजेच होता. बस. तू नंबर वाच.’

‘सर, मला तुम्हाला एक सांगायचंय.’

‘सांग रे, आधी हे करू. एक मिनिटाचं काम.’

त्यांनी यादीचा कागद माझ्या हातात दिला. तक्ता त्यांच्याकडे. मी वाचला.

‘शून्य.’

‘तपास.’

‘एक.’

‘खाली.’

‘दोन.’

‘दाब.’

‘तीन. फुंकर.’

त्यांचं बोट थांबलं. नख काळं पडलं होतं, पण बोट नेमकं ओळीवर होतं. ‘वर,’ ते म्हणाले. ‘बघ. इथे. तीनला वर आहे. चूक आहे की नाही?’

‘आहे सर.’

‘दिसतं ना रे मला!’ ते माझ्याकडे वळले, आणि लहान मुलासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. ‘पहिल्या फटक्यात दिसतं. रोज दिसतं. शेजारणीबरोबर वाचलं तरी दिसतं, तिला तर यातलं काही कळतही नाही.’ मग हळूहळू तो उजेड गेला. ‘मग त्या दिवशी आपण दोघं बसलो होतो तेव्हा कसं नाही दिसलं? तू सांग. तू होतास ना. मी कुठे बघत होतो? माझं बोट कुठे होतं?’

या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं. चार शब्दांचं उत्तर. ते ऐकून कदाचित त्यांनी मला हाकलून दिलं असतं. कदाचित ‘जा, नवा घाल,’ म्हणाले असते. काही झालं तरी त्यांना त्यांचे डोळे परत मिळाले असते. आतून जेनेटच्या कपबशा वाजल्या. मी तोंड उघडलं.

‘सर,’ मी म्हणालो, ‘तुम्ही खूप दमला होतात हो.’

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. ‘दमलो होतो,’ म्हणाले. ‘हो. पण दमलो म्हणून काय...’ आणि पुढचं सोडून दिलं. मला काय सांगायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही.

चहा पिऊन मी निघालो. फाटकाची कडी लावताना मागे वळून बघितलं. सरांनी दोन्ही कागद मांडीवर सरळ केले होते, आणि बोट पुन्हा पहिल्या ओळीवर होतं. ‘शून्य,’ ते मोठ्याने म्हणाले. मग मान किंचित वर करून थांबले, दुसरा आवाज येईल म्हणून.

मी फाटकाबाहेर उभा होतो, त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

थोड्या वेळाने त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच म्हणाले, ‘तपास.’